गुडघ्याआधी दंड

गुडघा धरला म्हणून मी रोह्याला व्यायामाच्या दवाखान्यात गेले. तिथल्या मॅडमचं नाव विचारायचा मला धीर झाला नाही. कुणाच्याही गुडघ्याला हात लावण्याआधी त्या दंडाला पट्टा बांधून प्रेशर बघत, आणि त्याआधी थोडा वेळ गप्प बसवत.

शेजारी बसलेली खांब गावची बाई म्हणाली, "गुडघा खाली नि पट्टा वर! मॅडम, रस्ता चुकला काय तुमचा?"

मॅडम हसल्या. "बोललात ना मावशी? आता परत गप्प बसा. बोललं की आकडा चढतो."

माझ्या वेळी त्यांनी कानात नळ्या घालून दोनदा ऐकलं. त्यांचं हसू गेलं. "प्रेशर खूप चढलंय."

"जिना चढून आले, म्हणून असंल," मी पुटपुटले.

"त्याला वेळ झाला. आणि तुम्ही तर हूं की चूं केलं नाय. म्हणजे हा आकडा खरा. आज व्यायाम नाय, आधी डॉक्टर."

रांग थांबवून त्या स्वतः मला समोरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, असंच अंगावर काढलं असतं तर लकवा मारला असता.

घुमी म्हणून मला माहेरी-सासरी सगळ्यांनी नावं ठेवली. त्या गप्प बसण्याच्या आत काय चाललंय, ते त्या मॅडमनी ऐकलं.