क्लबिंग आणि बाय टू

नव्वदच्या दशकात बंगळुरातल्या बनशंकरीत माझ्या अप्पांचं छोटं वर्कशॉप होतं. ते पंपाचे वॉशर बनवायचे. भिंतीपलीकडे त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे काका, स्प्रिंगा बनवायचे. मी नुकतीच बी.कॉम. होऊन दोघांचे हिशेब सांभाळू लागले होते, त्यामुळे अक्कल जरा जास्तच पाजळत होते.

त्या काळी एक्साइजमध्ये ‘क्लबिंग’ नावाची एक भानगड होती. लहान कारखान्याला ठरावीक विक्रीपर्यंत कर माफ असे. मग काही हुशार लोक एकाच धंद्याचे कागदावर दोन करायचे. ते उघडकीला आलं की खातं दोन्हींची विक्री एकत्र धरायचं, माफी जायची आणि कर बसायचा. आमचे धंदे खरोखरच वेगळे होते. मशिनं वेगळी, वीज वेगळी, भांडवल आपापलं. पण आडनाव एक, आणि सकाळची कॉफीसुद्धा एकच, बाय टू. कोपऱ्यावरच्या हॉटेलातून एक कॉफी यायची, दोन पेल्यांत अर्धी अर्धी. एकाने चुकून पूर्ण कॉफी मागवली तर दुसऱ्याला वाटायचं, हा रुसला.

इन्स्पेक्टर येणार असं कळलं आणि मी कंबर कसली. बाय टू बंद. दुपारचे डबे वेगळे. साहेबांनी विचारलं तर एकमेकांना ‘शेजारी’ म्हणायचं. अप्पा मुकाट्याने हो म्हणाले. काकांचं तोंड मात्र एवढंसं झालं. थोरल्या भावाला, म्हणजे अप्पांना, ते जन्मभर ‘अण्णा’ म्हणत आले होते.

“अण्णांना शेजारी म्हणू?”

“एका दिवसापुरतं हो, काका.”

साहेब येईपर्यंत दोघे आपापली पूर्ण कॉफी प्यायले आणि दोघांनाही पित्त झालं.

साहेब आले ते हसतमुख. त्यांनी मशिनं पाहिली, मीटर पाहिले, पैसा कुठून येतो ते विचारलं. मग कॉफी आली. हॉटेलवाल्याने सवयीने साहेबांना एक पूर्ण आणि भावांना एक बाय टू ठेवली. मी डोळे वटारले, पण तोवर दोघांनी पेले तोंडाला लावले होते.

साहेबांनी काकांना कन्नडमध्ये विचारलं, “हे तुमचे कोण?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि पेला खाली ठेवला. त्यांनीही कन्नडमध्येच सांगितलं, “सर, ही पोरगी म्हणते, शेजारी म्हणा. कर लावायचा तर लावा, स्वल्प जास्तच लावा. पण हे माझे अण्णा आहेत. वडील गेले तेव्हा यांनी शाळा सोडली आणि मला शिकवलं. मी यांना शेजारी म्हणणार नाही.”

मी मनात म्हटलं, आता बसला कर!

“सरी, सरी, बरं,” साहेब हसले. “भाऊ असण्यावर कर आहे असं कोणी सांगितलं? पैसा आणि कारभार एक असेल तर क्लबिंग. तुमचं सगळं वेगळं आहे.” जाता जाता मला म्हणाले, “बी.कॉम. ना?” मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

साहेब गेल्यावर मी सुटकेने हसत सुटले, पण अप्पा हसेनात. ते भावाकडेच बघत होते.

“शाळेचं तुला कोणी सांगितलं रे? मला गणित जमत नव्हतं म्हणून सोडली, असंच सांगितलं होतं मी तुला.”

“सांगितलं होतंत,” काका म्हणाले. “आणि मला गणित कोण शिकवायचं, अण्णा?”