खळीनं चिकटवलेली पानं

वत्सलाताई कादंबरीतल्या माणसांना मोठ्यांदा झापत असत. मुलुंडच्या आमच्या वाचनालयात बुधवारी दुपारी दोन तास महिलांची वेळ असे. तेव्हा पुस्तकं देण्याघेण्याचं काम त्या हौसेनं करत. टेबलाशी वाचता वाचता एकदम कडाडत, "अगो, बोल ना त्याला! तोंड शिवलंय काय तुझं?" पहिल्यांदा मला वाटलं, मलाच बोलल्या. मी घाबरून "काय बोलू?" म्हटलं, तर खो खो हसल्या.

मी तेव्हा मॅट्रिकला होते. जाडजूड ग्रंथ काखेत मारून हिंडायचे आणि प्रेमकथांना नाकं मुरडायचे. ताई म्हणायच्या, "वाच आणि मग मुरड. न वाचता मुरडलेलं नाक वाकडंच राहतं."

वाचनालयाची एक रीत होती. नवी कादंबरी आली की ती आधी चिटणीस नानासाहेबांच्या घरी जाई. मुलींनी वाचू नयेत अशी पानं ते खळ लावून एकमेकांना चिकटवत आणि मग पुस्तक कपाटात येई. आम्हा बायकांना त्याचं काही वाटत नसे. जाड पान बोटाला लागलं की आत काय असेल ते मनात रंगवायचं आणि पुढे वाचायचं.

एकदा कॉलेजातल्या मुलामुलीची एक कादंबरी आली. गुलाबी वेष्टन, मी हातही लावला नसता. एकशे बारा आणि एकशे तेरा ही पानं चिकटलेली. ताईंनी पुस्तक घरी नेलं आणि मला बोलावलं. किटलीच्या वाफेवर पान धरून, केसातल्या आकड्यानं हळूहळू सोडवलं. मी चुंबनाची वाट बघत होते.

आत नायिकेची आई होती. लग्न ठरू घातलेल्या मुलीची वेणी घालता घालता ती म्हणत होती, "मला बघायला आले तेव्हा मी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. मला कुणी विचारलंच नाही. तुला मी विचारते." बस, एवढंच.

ताईंनी ते तीनदा वाचलं. त्या दिवशी कुणालाही झापलं नाही. मग म्हणाल्या, "ह्यात चिकटवण्यासारखं काय होतं गो?" त्याचं उत्तर मला आज येतं. नानासाहेबांना चुंबनाचं भय नव्हतं. चुंबनं त्यांनी तशीच ठेवली होती, बाराव्या पानावर आणि नव्वदाव्याही.

ताईंनी पानं पुन्हा चिकटवली नाहीत. पुढचे दोन महिने पुस्तक देताना प्रत्येकीला सांगत, "एकशे बारा सोडू नको हां." मग आमच्या गल्लीतल्या शालिनीनं ठरलेल्या स्थळाला नकार दिला. तिच्या उशाखाली ते पुस्तक सापडलं आणि तिचे वडील तडक नानासाहेबांकडे गेले.

पुढच्या बुधवारी समिती येऊन बसली. नानासाहेबांनी विचारलं, "पानं तुम्ही सोडवलीत?"

"तुम्ही चिकटवलीत, मी सोडवली."

"दिलगिरी लिहून द्या, नाहीतर ही महिलांची वेळ बंद होईल."

"माफी कुणाची मागू? त्या आईची?"

मग ते माझ्याकडे वळले. "तू नेहमी यांच्या घरी असतेस. तुला माहीत होतं? वाचलीस ती पानं?"

माझे वडील समितीवर होते, समोरच बसले होते. मी "नाही" म्हटलं.

ताईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. "पोरीला कशाला मधे ओढता, नाना? मी एकटीनंच केलं."

महिलांची वेळ बंद झाली. त्यानंतर पुस्तकं पुरुषच आणत. ताईंचे यजमान त्यांच्यासाठी व्रतकथा आणि पाककृती आणत आणि ताई त्या न उघडताच परत पाठवत. पुढच्या वर्षी विषमज्वरानं त्या गेल्या.

वाचनालयात शोकसभा झाली. नानासाहेब म्हणाले, "वत्सलाताई म्हणजे सद्‌ग्रंथांच्या सात्त्विक वाचक. या संस्थेनं त्यांना घडवलं." लोकांनी माना डोलावल्या. मी उठून म्हटलं, "यांनी त्यांना इथून घालवलं. आणि ती पानं मीही वाचली होती."

"बस खाली, बाळ," नानासाहेब मृदू आवाजात म्हणाले. "दुःखात माणूस काहीही बोलतो."

मी बसले नाही, पण पुढे कुणी काही विचारलंही नाही. सभा संपली, चहा आला. नानासाहेबांचा राग मला आजही येतो, अगदी तेव्हाइतकाच. पण त्यांचा नंबर दुसरा.