तळ्यातला लाल ठिपका

धायरीच्या फ्लॅटमध्ये बसून मी ब्रिटन आणि युरोपातली तळी शोधते. पाण्यावर उतरणारी विमानं हौसेनं उडवणाऱ्यांसाठी आमची कंपनी नकाशे बनवते. उपग्रहाच्या फोटोत लांब, सरळ पाणी दिसलं की मी खूण करायची. पाण्यात खडक, खांब काही असलं की त्यावर लाल ठिपका द्यायचा. लाल म्हणजे अडथळा.

दुपारी सासरे शेजारी खुर्ची ओढून बसतात. ते लहान असताना त्यांचं गाव धरणात गेलं. त्याबद्दल ते बोलत नाहीत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की एकटेच एसटीनं तिकडे जाऊन येतात. स्क्रीनवरचं तळं बघून मात्र दर वेळी विचारतात, "ह्ये देवानं केलंय का मान्सानं?" मला वैताग येतो. विमानाला त्याच्याशी काय घेणं-देणं?

परवा एक सुरेख तळं सापडलं. डोंगरांच्या मधोमध, लांबलचक, आसपास विजेच्या तारा नाहीत. फक्त एका बाजूला पाण्यातून चर्चचा मनोरा वर आलेला आणि त्याची सावली पाण्यावर पडलेली. मी सवयीनं लाल ठिपका दिला.

"थांब जरा," सासरे म्हणाले. चष्मा पुसून ते स्क्रीनजवळ वाकले. "ते लाल कशापायी केलंस?"

"अडथळा आहे, मामा. विमान आपटेल त्याच्यावर."

त्यांनी त्या मनोऱ्यावर बोट टेकवलं.

"अडथळा न्हाई, पोरी," ते म्हणाले. "गाव हाय ते."