एकोणीस वर्षांचं ‘ठीक’

शेवंतीमावशी फोनवर “कसे आहात?” असं कधीच विचारत नाही. ती विचारते, “काय, आज भाजी कसली?” समोरचा भाजी सांगतो आणि ही ऐकते भलतंच. मागे कुकरची शिट्टी होतेय का, टीव्ही नेहमीच्या मालिकेवर आहे का, बाई दम खात बोलतेय का. फोन ठेवला की निकाल जाहीर. “सेक्टर तीनमध्ये काल परत भांडण झालंय.” आणि झालेलं असतं.

चारकोपात ‘आधारवेल’ नावाची संस्था आहे. ज्यांना आपलं आपण उठता-बसता, जेवता येत नाही, अशा सदतीस जणांच्या घरी ती मदतनीस पाठवते. आंघोळ घालायची, कूस बदलायची, भरवायचं. एकोणीस वर्षांपूर्वी मावशी तिथे दोन महिन्यांसाठी गेली होती, फोन उचलणारी बाई बाळंतपणाला गेली म्हणून. ती बाई परत आली नाही आणि मावशी परत गेली नाही. गिरणी कामगाराची बारावी झालेली मुलगी, लग्न केलं नाही, कंबर दुखते, पान खाते. ऑफिसची जागा गेल्यापासून संस्था आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरून चालते, त्यामुळे सदतीस घरांचे आवाज आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहेत.

तिचा एक नियम होता. मदतनिसाने वहीत रोज एकच शब्द लिहायचा, ‘ठीक’. खरं काय ते तिला तोंडी सांगायचं. फार पूर्वी एका मदतनिसाने वहीत लिहिलं होतं, ‘आई मुलाला चापट मारते.’ ते वाक्य विश्वस्तांच्या बैठकीत मोठ्याने वाचलं गेलं. त्या आईने दुसऱ्या दिवसापासून संस्थेला दारच उघडलं नाही. तेव्हापासून लिहायचं ‘ठीक’. चापटेचा बंदोबस्त मावशी स्वतः जाऊन, चहा पिऊन करणार.

मग संस्था चालवणाऱ्या शुभाताई थकल्या आणि त्यांचा मुलगा अनय संस्था बघायला लागला. अनयचा आवाज काढायचा तर नाकात थोडी हवा ठेवायची आणि प्रत्येक वाक्याला शेपूट लावायचं, “राइट?”

“मावशी, एआय तुमची जागा घेणार नाहीये. तुमचा लोड कमी करणार आहे, राइट?”

त्याने एक टॅबलेट आणून टेबलावर ठेवला. आतल्या प्रणालीचं नाव ‘सोबती’. तिचा आवाज म्हणजे सकाळच्या बातम्या देणारी बाई, पण जिला कधीच खोकला येत नाही अशी. “नमस्कार शेवंतीजी. आज एकतीस भेटी नियोजित आहेत. मदतनीस धोंडू यांना आधी सेक्टर पाचला पाठवल्यास चाळीस मिनिटं वाचतील.”

मावशी आधी बिचकली. “जी काय जी? मी काय हिची सासू?”

पण चाळीस मिनिटं खरंच वाचायची. कोणी आजारी पडलं की मावशी पूर्वी सतरा फोन करायची. सोबती मिनिटभरात दुसरा माणूस शोधायची. अपंगत्वाच्या दाखल्याचे अर्ज चुटकीसरशी भरून द्यायची. मावशी दुपारी चक्क आडवी व्हायला लागली. “पोरगी हुशार आहे हां,” म्हणायची. पोरगी!

पुढे अनयने एकोणीस वर्षांच्या वह्यांचे पानापानाचे फोटो काढून सोबतीला दिले. तिने ते एका दुपारात वाचले. एकोणीस वर्षं, आणि शब्द एकच.

दोन दिवसांनी यादी आली. सदतीसपैकी बावीस घरांपुढे लिहिलं होतं ‘स्थिर’. स्थिर घरांच्या भेटी रोजच्याऐवजी आठवड्यातून दोन, आणि वाचलेल्या वेळात प्रतीक्षायादीतली अकरा नवी कुटुंबं. वाईट काहीच नव्हतं त्यात. त्या अकरांमधली एक आजी तर चार महिने रडत फोन करत होती.

बावीस नावांत सातवं नाव सुयोगचं होतं.

सुयोग छत्तीस वर्षांचा. जन्मापासून हातपाय आखडलेले, बोलत नाही, पण डोळ्यांनी सगळं सांगतो. सेक्टर पाचच्या बैठ्या घरात त्याची आई विमलाकाकी आणि तो, दोघंच. त्याला गिळायला त्रास होतो. उशा लावून ताठ बसवायचं, घट्ट पेज, छोटा चमचा, गिळल्यावर दहा आकडे मोजायचे. निजवून भरवलं तर घास श्वासनलिकेत जातो. आईच्या किंवा धोंडूच्या हातून खातो, तिसऱ्या कोणाच्या हातून तोंड उघडत नाही. आणि गेले अकरा महिने विमलाकाकी विसरायला लागल्या होत्या.

हे धोंडूला ठाऊक होतं, मावशीला ठाऊक होतं, वहीत नव्हतं. काकींनी मावशीचा हात धरून सांगितलं होतं, “लिहू नको गं. लिहिलंस की हर्षद त्याला कुठेतरी नेऊन ठेवील.” हर्षद म्हणजे थोरला मुलगा, मुलुंडला असतो. मावशी म्हणाली होती, “काकी, मी आहे ना.” धोंडू रोज जात होता तोवर ते खरंही होतं.

सोबतीने न विचारता काही केलं नाही, हे सांगायला हवं. यादीखाली तिने स्वच्छ लिहिलं होतं, ‘बावीस घरांच्या नोंदी शब्दशः सारख्या आहेत. प्रत्यक्ष खात्री करून घ्यावी का?’

अनयने मावशीला फोन केला. स्पीकर चालू होता.

“मावशी, नोंदी बरोबर आहेत ना?”

मावशीने पान गालात सरकवलं. “विमलाकाकींचं जरा लक्ष नसतं हल्ली.”

“म्हणजे? काही इन्सिडंट आहे का? कुठे लिहिलंय?”

“लिहिलेलं नाही.”

“मग नोंदी चुकीच्या आहेत का?”

एकोणीस वर्षं. प्रत्येक पानाखाली मावशीची सही. ओट्यावर दूध वर येत होतं आणि कोणी उठत नव्हतं.

“नाही,” मावशी म्हणाली. “बरोबर आहेत.”

“ग्रेट. राइट.”

दुसऱ्या आठवड्यापासून धोंडू सुयोगकडे फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी जायला लागला. धोंडू मूळचा कुडाळकडचा, पन्नाशीचा, फोनवर असा ओरडतो की फोन नसता तरी ऐकू आलं असतं. पण त्या शुक्रवारी तो हळू बोलला. “बाय, म्हातारेन माका तीनदा इचारल्यान, तू कोण रे? ओट्यार पेजेचे तीन वाटगे भरलेले. पोर जेवलो की नाय, तिका ठावक नाय. पोराच्या छातीत घरघर असा. आता वहीत काय लिवू?”

मावशीने पानाचा डबा उघडला आणि मिटला.

“बाय? लिवू काय?”

“काही लिहू नको. सोमवारी बघते.”

शनिवार गेला. रविवारी ती दोनदा चपला घालून दारापर्यंत गेली आणि पाहुणे आले म्हणून थांबली.

सोमवारी सकाळी फोन लावला. “काय काकी, आज भाजी कसली?”

“लाल माठ,” विमलाकाकी छान हसून म्हणाल्या. “सुयोगला भरवतेय. आज शहाण्यासारखा खातोय हो, अजिबात कुरकुर नाही.”

मागे आवाज येत होता. पाणी संपत आलेल्या नळासारखा, खळखळ, मग काही नाही, मग परत खळखळ.

“काकी, चमचा खाली ठेवा. ठेवा आधी!”

“कोण बोलतंय?” काकींनी विचारलं.

मावशी कंबर विसरून पळाली. रिक्षावाला सांगतो, ती अर्ध्या रस्त्यात उतरून पळायला लागली कारण सिग्नल लाल होता. घरात सुयोग सपाट उताणा, गालाखाली पेजेचा ओघळ, ओठ जांभळे, आणि काकी मायेने पुढचा चमचा भरतायत. मावशीने त्याला कुशीवर वळवलं, बोट घालून तोंड साफ केलं, पाठीवर थापा मारल्या. तो खोकला. पुन्हा खोकला. मग त्याने श्वास घेतला, आणि शेजारच्यांनी आणलेल्या अॅम्ब्युलन्समधून दवाखान्यात गेला. छातीत उतरलेलं निघालं, संध्याकाळपर्यंत घरी सोडलं. वाचला.

संध्याकाळी मावशी टॅबलेटसमोर बसली. पान नव्हतं तोंडात. आणि तिने पहिल्यांदा सगळं सांगितलं, तिच्या त्या जलद, तोडून टाकल्यासारख्या आवाजात. विसरणं, वाटगे, निजवून भरवणं, सोमवार.

“धन्यवाद शेवंतीजी,” सोबती म्हणाली. “हे पूर्वी नोंदलेलं नाही. पहिल्यांदा कधी लक्षात आलं?”

इथे खोटं बोलता आलं असतं. ‘आजच’ म्हटलं असतं तर कोण धरणार होतं?

“अकरा महिने झाले,” मावशी म्हणाली.

“समजलं. सुयोग यांच्या रोजच्या भेटी उद्यापासून पुन्हा सुरू. धोका तीव्र असल्याने संस्थेच्या नियमाप्रमाणे कुटुंबाला कळवलं आहे. संपर्क: हर्षद, मुलुंड.” आणि त्याच गोड आवाजात, “उरलेल्या एकवीस स्थिर घरांच्या नोंदीही अशाच आहेत का?”

मावशीने टॅबलेट पालथा ठेवला.

रोजच्या भेटी चारच दिवस चालल्या. शनिवारी हर्षद गाडी घेऊन आला. कर्जतच्या बाजूला अपंगांचं वसतिगृह होतं, जागा मिळाली होती. तो वाईट माणूस नाही, घाबरलेला होता. “तुम्ही अकरा महिने लपवलंत मावशी. माझा भाऊ मेला असता.” विमलाकाकी सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसल्या, पर्स मांडीवर, केस विंचरून. “आई, उतर. तुला नाही यायचं.” “अरे, त्याला भरवणार कोण?” हे त्या चार वेळा म्हणाल्या, चारही वेळा नव्याने. शेवटी धोंडूने त्यांना हाताला धरून उतरवलं.

मावशी खिडकीशी वाकून हर्षदला सांगत होती. ताठ बसवायचं, उशा दोन्ही बाजूंनी, पेज घट्ट, दहा आकडे. ओळखीचा होईपर्यंत तोंड उघडणार नाही, जबरदस्ती करायची नाही. हर्षद मान हलवत होता आणि दुसऱ्या कानाने रस्ता सांगणारा फोन ऐकत होता. “हो हो, त्यांच्याकडे फाइल गेलीये सगळी. अनयने वह्यांवरून काढून पाठवली.” मागच्या सीटवरून सुयोग मावशीकडे बघत होता. गाडी वळेपर्यंत बघत होता.

सोमवारी सकाळी नवाला फोन आला. वसतिगृहातली बाई, आवाज तरुण, दमलेला, मागे भांड्यांचा आणि बऱ्याच माणसांचा गलका. “शेवंतीताई ना? सुयोगबद्दल विचारायचं होतं. दोन दिवस तोंडच उघडत नव्हता हो. तुमच्याकडे असं व्हायचं का? फाइलमध्ये जुन्या नोंदी चिकार आहेत, पण जेवणाबद्दल काहीच नाही. गेल्या आठवड्यातला एक दवाखान्याचा कागद आहे फक्त. शेवटी आज आमच्या दोघींनी धरून कसंबसं भरवलं. आता शांत झालाय.”

मावशी उभी राहिली. फोन कानाला घट्ट. ती मागचे आवाज ऐकत होती.

“त्याला बसवून भरवलंत,” तिने विचारलं, “की निजवून?”

“निजवून,” बाई म्हणाली, आणि पलीकडे फोन ठेवून धावत गेलेली पावलं ऐकू आली.