शनिवारचं शटर

शुक्रवारी संध्याकाळी ठाण्याच्या घरात मामी शब्बाथच्या (शुक्रवारच्या मावळतीपासून शनिवारी रात्री तीन तारे दिसेपर्यंत पाळायचा विश्रांतीचा दिवस) मेणबत्त्या लावत होती आणि मी बॅग उचलून निघाले. शब्बाथला आम्ही बेने इस्राएल यहुदी प्रवास करत नाही. निदान करू नये. मामी नुसती बघत राहिली. आतल्या खोलीत शमुएलमामा अंथरुणाला खिळलेले होते. मी रविवारी जाणार, असं त्यांना सांगितलं होतं. पण डॉक्टरांनी दिवस मोजायला सांगितले होते आणि तिकीट शुक्रवारचंच मिळालं.

मामांचं मागणं एवढंसं होतं. चंद्रपूरच्या त्यांच्या हॉलमधला मेझुझा (दाराच्या उजव्या चौकटीला लावायची डबी, आत प्रार्थनेचा कागद असतो) काढून आणून त्यांच्या हातात द्यायचा. हॉलच्या मालकाने जागा विकायला काढली होती आणि टाइपिंगवाल्या रहीमभाऊंचं तसं पत्र आलं होतं.

तो हॉल म्हणजे आमच्या घरात चेष्टेचा विषय. कोळसा खाणीत सर्वेअर म्हणून नोकरी करून मामा निवृत्त झाले आणि भाड्याने एक हॉल घेऊन त्यांनी त्यात सहा टेबलं टाकली. मधे एक फोन, एक टाइपरायटर. वीज केंद्रावरचे एक-दोन इंजिनिअर, एक हिशेबनीस, आमच्या समाजाची शिष्यवृत्तीची आणि औषधमदतीची अशा दोन लहान संस्था, सगळ्यांनी एका छपराखाली बसून काम करावं, हा बेत. चंद्रपुरात यहुदी असे किती असणार? होते तेही हळूहळू इस्रायलला गेले. मग रिकाम्या टेबलांवर रहीमभाऊंचं टाइपिंग आलं, बांबूकाम करणाऱ्या बायकांचा गट आला. मामांनी सगळ्यांना एकच अट घातली होती, शनिवारी बंद.

वर्ध्याला गाडी बदलून सकाळी नऊला चंद्रपुरात उतरले. किल्ल्याच्या वेशीतून ऑटो आत शिरला. सगळ्या पत्र्यांवर कोळशाची बारीक काजळी होती. हॉलसमोर पोचले, तर शटरला कुलूप.

“आज नाई उघडत बाई,” शेजारची चहावाली म्हणाली. “शनिवार हाय ना.”

“पण मामा तर पाच वर्षांपूर्वीच इथून गेले!”

“मंग? शनिवार तर येतेच ना दर हप्त्याले. चाबी रहीमभाऊजवळ. ते गेले चामोर्शीले, पोरीकडं.”

मी चरफडले. ज्या दिवशी मी स्वतः प्रवास करत होते, त्याच दिवसाने माझी वाट अडवली होती. समोरच्या बूथवरून ठाण्याला फोन लावला. घंटी वाजत राहिली. शनिवारी मामी फोन उचलत नाही, हे मला ठाऊक होतं, तरी तीनदा लावला.

चहावालीकडून पत्ता घेऊन चामोर्शीची एसटी धरली. शेजारी बसलेल्या आजीच्या मांडीवर कोंबडी होती, ती मूल गावापर्यंत माझी ओढणी टोचत राहिली. दोन्ही बाजूंना साग, मग बांबू, मग धानाची कापलेली शेतं. वैनगंगेच्या पुलावर आजीने पाण्यात नाणं टाकलं आणि हात जोडले. मीही मनातल्या मनात काहीतरी मागितलं.

रहीमभाऊ साठीचे, सडपातळ. नाव सांगताच त्यांनी मला जेवायलाच बसवलं. भात, लाखोळीचं वरण (इकडची एक डाळ) आणि मासे.

“घ्या बिनधास्त,” ते म्हणाले. “खवल्याचीच मासोळी हाय. तुमच्या मामाले, सामूभाऊले बिनखवल्याची चालत नव्हती.”

आमच्यात कोळंबीही वर्ज्य, पण ठाण्यात मी तिच्यावर ताव मारते, हे मी त्यांना सांगितलं नाही.

मामांची अवस्था ऐकून त्यांचा घास हातातच राहिला. मी घड्याळ पाहिलं. लगेच निघाले असते तर हॉल उघडून पाचची गाडी मिळाली असती, आणि सकाळी मी मामांजवळ असते.

त्यांनी उठून किल्ली माझ्यापुढे ठेवली. “तुमचे मामा, तुमची डबी. मी आडवा येत नाई. पन आज माझ्या हातानं ते कुलूप उघडनार नाई. शुक्रवारी मी नमाजले जाओ तवा भाऊ माझं गिऱ्हाईक सांभाळत. शनिवारी त्याइचं कुलूप मी सांभाळतो. तसंच ठरलं होतं आमचं.”

“आणि संध्याकाळी?”

“तीन तारे दिसले का मीच उघडतो.”

मी किल्ली उचलली नाही. मला लाज वाटली. दुसरं कारण सांगितलं तर ते खोटं होईल.

चंद्रपूरला परतलो तेव्हा पाचची गाडी गेली होती, आणि पुढची थेट दुसऱ्या दिवशी होती. दोघंही फुटपाथवर मान वर करून उभे राहिलो. धुरामुळे तिसरा तारा फार उशिरा दिसला. शटर वर गेलं. सहाही टेबलं पुसलेली होती. मामांच्या टेबलावर त्यांचा चष्म्याचा डबा तसाच होता. रहीमभाऊंनी पेचकसने हलक्या हाताने डबी सोडवली, डोळ्यांना लावली आणि माझ्या ओंजळीत ठेवली. चौकटीवर तेवढीच जागा कोरी राहिली.

दुसऱ्या दिवशी गाडीत बसवून देताना ते म्हणाले, “सामूभाऊले सांगजा, एक बी शनिवार सुटला नाई.”

सोमवारी सकाळी घरी पोचले तर आरशावर चादर टाकलेली होती आणि मामी जमिनीवर बसली होती. मामा रविवारी दुपारी गेले. आमच्यात मातीला उशीर करत नाहीत. संध्याकाळीच सगळं उरकलं होतं.

“तू शुक्रवारीच निघालीस, ते त्यांना कळलं होतं. सकाळभर दाराकडे बघत होते,” मामी म्हणाली. “कुठे राहिलीस गं?”

मी डबी तिच्या हातात दिली आणि शनिवारची सगळी हकीकत सांगितली. तिने डबी पदरात घट्ट धरली.

“बरोबर वागलीस,” ती म्हणाली, आणि तोंड फिरवून रडू लागली.

किल्ली न उचलणं मला आजही पटतं, आणि आजही त्याबद्दल मला स्वतःला माफ करता येत नाही. पुढच्या रविवारी मी एकटीच कबरस्तानात गेले. आमच्या रीतीप्रमाणे मातीवर खडा ठेवला आणि रहीमभाऊंचा निरोप मोठ्याने सांगितला. मग वाटलं, मामांना तो रहीमभाऊंच्याच शब्दांत ऐकायचा असेल. म्हणून पुन्हा सांगितला, “सामूभाऊ, एक बी शनिवार सुटला नाई.”