कोगनोळीपर्यंतची हद्द

आप्पांना चांदी घेऊन महाराष्ट्रात जायचं असलं, की आदल्या दिवशी ते बंदुकीच्या दुकानात जात, आपलं पिस्तूल जमा करत आणि पावती खिशात ठेवत. एरवी ते सदऱ्याखाली कमरेला असे. म्हैसूरच्या नजरबाद भागात आमच्या शेजारी राहणाऱ्या या ठेंगण्या, पान खाणाऱ्या माणसाजवळ हत्यार आहे, हे मला कितीतरी दिवस माहीत नव्हतं. ज्या प्रवासात चोरांची खरी भीती, नेमके त्याच प्रवासाला ते मोकळ्या कमरेनं निघत. मला हा हिशेब उलटा वाटला. विचारलं, तर म्हणाले, "पिस्तूल आपलं, साहेब, हद्द सरकारची. परवाना कर्नाटकापुरता. कोगनोळीचा नाका ओलांडला की मीच गुन्हेगार, अल्वा, नाही का?"

आप्पा मूळचे विट्याकडचे. गलाईच्या, म्हणजे सोनंचांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात पोरवयात म्हैसूरला आले आणि बोलण्यात कन्नड मिसळत इथलेच झाले. चांदी पोचवायला कोल्हापूरजवळ हुपरीला जावं लागे. सोबत धाकटा भाऊ धनाजी. गाडी तोच चालवी. साऱ्या देशात चालणारा परवाना मिळावा म्हणून आप्पांनी अर्ज केला होता. त्याचं काय झालं विचारलं, की बोट आभाळाकडं करत. "वर गेलाय."

धनाजीला हे पटत नसे. एकदा आमच्याकडं चहा पिताना तो म्हणाला, "दादा, चांदी हद्द ओलांडते, चोर हद्द ओलांडतो, तुझं पिस्तूलच तेवढं सोवळ्यात. सदरा वर करून बघणार कोण?"

"कुणी बघितलं तर जेलात डबा तू आणशील?"

"आणीन की. पण वहिनीच्या हातचा नको, शिक्षा वाढल्यासारखी होईल."

आम्ही तिघंही हसलो.

पुढच्या एका फेरीत, नाका ओलांडून कागलच्या पुढं, भर दुपारी, मोटारसायकलवाल्यांनी त्यांची गाडी अडवली. आप्पा चांदीची पिशवी देऊन टाक म्हणत होते; धनाजीनं सोडली नाही. डोक्यात गज बसला. कोल्हापूरच्या दवाखान्यात त्यानं जीव सोडला. चौकीवर जबाब घेणाऱ्यानं आप्पांना विचारलं, परवाना आहे तर हत्यार कुठं आहे? आप्पांनी टेबलावर पावती ठेवली. ती वाचून तो शेजारच्याला म्हणाला, "असली माणसं असतात अजून." त्यात कौतुक नव्हतं, हे आप्पांनी मला दोनदा सांगितलं.

दिवसकार्य झाल्यावर धनाजीची बायको सगळ्यांदेखत म्हणाली, "पावती जपलीत, भाऊ नाही जपलात."

पिस्तूल असतं तर धनाजी वाचला असता का? मी हे गणित पुष्कळदा मांडलं, सुटत नाही. कदाचित दोघंही गेले असते. पण कायदा पाळणाऱ्याच्या पदरात कायद्यानं काय टाकलं, एवढं मला मांडता येतं, आणि ते शून्य आहे.

भट्टी कायमची बंद केल्यावर कधीतरी आप्पा एक इंग्रजी कागद घेऊन माझ्याकडं आले. मी वाचून अर्थ सांगितला. अर्ज मंजूर झाला होता.

"साऱ्या भारतात?"

मी हो म्हणालो. त्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. हात सवयीनं कमरेकडं गेला आणि तिथंच थांबला.

"हद्द वाढली, साहेब," ते म्हणाले. "आता जायचं कुणाबरोबर?"