प्लॅटफॉर्मावरचं धान

आमच्या स्टेशनावर यंदा धान उगवलं. भर उन्हाळ्यात, नांगर न लावता!

स्टेशन म्हणजे खरं नव्हे. खाटेएवढी फळी, तिच्यावर रूळ आणि बोटभर उंचीची गाडी. माझी सारी नोकरी छोट्या गाडीच्या रुळावर हातोडा मारण्यात गेली (शिक्षण चौथी, तीही मास्तरांच्या दयेनं). पुढे ते रूळ उखडून मोठे टाकले. मग गेल्या पोळ्याला आमची बुढी, म्हणजे बायको, गेली, आणि मी अंगणातल्या खाटेवर जो बसलो तो उठेचना.

अशात चंद्रपूरचे चार जण जुनं स्टेशन मोजायला गावात आले. बायकापोरं असलेली माणसं, आणि नाद काय, तर खेळण्यातल्या गाड्यांचा! त्यांचा म्होरक्या दातांचा डॉक्टर.

"काकाजी, सिग्नल कुठी होता?" त्यानं विचारलं.

मी सांगायला लागलो, तर दिवस मावळला. पुढच्या खेपेला त्यांनी फळी, रूळ आणि एक इंजिन आणून माझ्यापुढे ठेवलं. "तुमीच बनवा स्टेशन. तुमच्याएवढं कोनाले ठाऊक हाय?"

त्या दिवशी मी खाटेवरून उठलो. त्यांचे हे उपकार फिटायचे नाहीत. आता मी ते कसे फेडले, तेवढं ऐका.

मला एकच दिवस बनवायचा होता. लग्न लावून बुढीला घेऊन या स्टेशनावर उतरलो, तो. सागाच्या काडीतून दोन माणसं कोरली. एक मी, एक ती. तिला लाल लुगडं रंगवलं. तिच्याजवळ गाडी येऊन थांबलेली पाहिली, की माझं काम झालं.

राहिलं गवत. डॉक्टर म्हणाला होता, "लाकडाचा भुसा हिरवा रंगवाचा, गोंदाच्या पाण्यानं चिकटवाचा अन् हळूहळू वाळू द्याचा. घाई केली तर भेगा पडते."

लाकडाचा भुसा कशाला? घरी धानाचा कोंडा पोतंभर पडलेला! आणि गोंदाच्या जागी जंगलातला धावड्याचा डिंक. सून वंदना पुढे आली. "मामाजी, आना इकडे, पाखडून देतो. दाने हायेत त्यात."

"काऊन? मले पाखडता येत नाई का?"

येत नव्हतंच. जन्मभर बुढीनं पाखडलं आणि मी शेजारी बसून चुका काढल्या. मी सूप हलवलं, तर कोंडा माझ्या डोळ्यांत आणि दाणे अंगणभर! जे खाली पडलं आणि जे सुपात राहिलं, ते सगळं एकत्र करून मी रंगात बुडवलं आणि फळीवर चिकटवलं. वर ओलं पोतं झाकलं (भेगा नकोत ना!) आणि आठ दिवस लेकीकडे कुरखेड्याला निघालो.

"वंदना, पोत्यावर सकाळ-संध्याकाळ पानी शिंपड. अन् उघडून पाहू नोको!"

"पन मामाजी, ओल्या पोत्याखाली तर..."

"मधात बोलू नोको!"

वाचकहो, धानाला मोड आणायचे तर आमच्याकडे हेच करतात. दाणे भिजवा, वर ओलं पोतं टाका. शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी उभा जन्म धानाच्या गावात काढला, पण तेव्हा माझ्या डोक्यात नुसतं स्टेशन!

परत आलो तेव्हा डॉक्टरची मंडळी अंगणात येऊन बसलेली. मी ऐटीत पोतं उचललं.

चौघंही खाली वाकले. फळीवर बोटबोट उंचीचं धान दाटलं होतं. स्टेशनाचं नुसतं छप्पर दिसत होतं. मी कुठे, ती कुठे, पत्ता नाही!

कुंपणावरून शेजारच्या गणपतनं मान काढली. "भाऊ, रोवनी कधी हाय?"

डॉक्टरनं इंजिन रुळावर ठेवून सुरू केलं. ते धानात शिरलं आणि जागेवर चाकं फिरवत रडायला लागलं. इंजिन काढायला मी वाकलो, तेवढ्यात आमची तांबडी कोंबडी उडून फळीवर आली. दाणे टिपता टिपता तिनं नेमकं लाल लुगडं उचललं, आणि पळाली!

"अरे, माही बुढी नेली!" मी बोंबललो.

गणपतनं तिच्या तिरडीला खांदा दिलेला. तो पांढराफटक पडला. "क... कोनाले नेलं?"

"बुढीले! कोंबडीनं!"

मग मी धोतर सावरत पुढे, डॉक्टर मागे, त्याच्या मागे तिघं, आणि काही न समजता गणपतही. एक जण सरपणावर पडला, एक गायीच्या गोठ्यात घुसला. शेवटी वंदनानं टोपलं टाकून कोंबडी धरली. डॉक्टरनं खिशातून बारीक चिमटा काढला.

"घट्ट धरा. हं, आ कर, बाई." आणि हळूच बुढी बाहेर काढली. "काकाजी, कोंबडीले दात नसतेत, मनून काकू वाचल्या!"

खांद्यावरचा रंग तेवढा निघाला होता. मी खो खो हसलो. पोळ्यानंतर पहिल्यांदा. हसता हसता डोळे पुसावे लागले. "डोळ्यात कोंडा गेला," मी म्हणालो. (आठ दिवसांपूर्वीचा!)

मी धान उपटायला निघालो, तर डॉक्टरनं हात धरला. "राहू द्या. असं जिवंत गवत आमच्यापैकी कोनालेच जमलं नाई."

वंदनानं कात्रीनं रुळापुरतं धान कापलं. काडीची दोघं पुन्हा प्लॅटफॉर्मावर उभी राहिली, आणि गाडी येऊन बरोबर तिच्यापुढे थांबली.

"तू सांगत होती, पोरी," मी कबूल केलं.

"सासूबाई पन सांगत होत्या," ती हसून म्हणाली. "मामाजीच्या हाती सूप देजो नोको!"

आता ती मंडळी मला गुरुजी म्हणतात आणि या गवताची कृती विचारतात. मीही तोंड गंभीर करून सांगतो: डिंक कोणताही चालेल, पोतंही कोणतंही चालेल. पाखडणारा मात्र माझ्यासारखा पाहिजे. तसा दुसरा अजून कोणाला सापडलेला नाही!